शिवाजी पेठेत सापडलेलं मांजराचं पिल्लू : आधी काय करू, काय खायला घालू?

पेठेतली_सून
मंडळी, तातडीनं सल्ला हवाय. आमच्या बोळात गटारीच्या फरशीखाली मांजराचं पिल्लू अडकलं होतं, पोरांनी ओढून बाहेर काढलं. पावसानं चिंब भिजलेलं, डावा डोळा चिपडांनी मिटलेला, अंगभर पिसवा, पाठ हाडकुळी आणि पोट मात्र टम्म. पांढऱ्या अंगावर काळे नि तांबूस डाग. दात आलेत, चालतो पण पाय लटपटतात. ओरडून आवाज बसलाय. आईचा पत्ता नाही. सासूबाई म्हणतात दूध पाजा, दीर म्हणतोय डेटॉलच्या पाण्यानं आंघोळ घाला. मी दोघांनाही थांबवलंय. मुलाच्या हाताला ओरखडा काढलाय, बारीक रक्त आलंय. त्याचंही सांगा.

रंकाळा_टॉवर
ताई, मांजराचं नंतर. आधी मुलाचा हात नळाखाली धरा आणि साबण लावून पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तेल काही लावू नका, पट्टीही बांधू नका. मग थेट सीपीआर रुग्णालय गाठा. रक्त आलंय म्हणजे नुसती रेबीजची लस नाही, जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) देतात. सरकारी दवाखान्यात हे फुकट असतं. पहिल्या डोसची तारीख लिहून ठेवा, पुढचे डोस चुकवायचे नसतात.

भावा_नाद_न्हाय
एवढ्याशा पिल्लाच्या नखानं काय हुतंय? आमी ल्हानपणापास्नं बोचकारून घ्यात आलोय.

रंकाळा_टॉवर
भावा, मांजर पंजे चाटतं, लाळ नखाला लागते. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर डॉक्टरच्या हातात काही उरत नाही. पिल्लू दहा दिवस नजरेसमोर ठेवता येईल हे बरंच आहे, पण ते दहा दिवस संपायची वाट बघत लस लांबवायची नसते. पुढचे डोस द्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील. यावर वाद नको.

वाकळवाली
आता पिल्लाकडे. त्याच्या तोंडात करंगळी घालून बघा. तोंड आतून गार लागलं तर खायला काहीही देऊ नका. गारठलेल्या पिल्लाचं पोट चालत नाही, घातलेलं तसंच पडून राहतं, शिवाय श्वासनलिकेत जायची भीती. आधी जुन्या टॉवेलनं कोरडं करा. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येईल. वर वाकळेचा तुकडा. हे खाण्याच्याही आधी, डॉक्टरच्याही आधी.

डेटॉल अजिबात नको. फिनेलनं पुसलेल्या फरशीवरही ठेवू नका. असली रसायनं मांजराच्या यकृताला पचत नाहीत, आणि ते स्वतःला चाटून सगळं पोटात घेतं. क्रोसिन वगैरे तर कुणी हातातही घेऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मोठ्या मांजराचासुद्धा जीव घेऊ शकते.

भावा_नाद_न्हाय
दुधाचं मी सांगतो, त्यात तरी माझं ऐका. गंगावेशीचं धारोष्ण आपल्यासाठी, पिल्लासाठी न्हवं. गाईचं असू दे न्हायतर म्हशीचं, ढाळ लागत्यात आणि एवढ्याशा जिवातलं पाणी गेलं की खेळ खलास. आणि मटणाचा अळणी रस्सा बी नको बरं का. कांदा-लसूण न घालता अळणी करणारं घर मला कोल्हापुरात दावा. कांदा-लसणानं मांजराचं रक्त नासतंय.

जुना_वाडा
सगळं पटलं, फक्त दुधाचं नाही. आमच्या वाड्यात तीन पिढ्या मांजरं होती, सगळी दूधचपातीवर जगली.

वाकळवाली
काका, ती उंदरांवर जगली. दूधचपाती वरकड होती. मांजराला टॉरीन लागतं, ते मांसातच मिळतं आणि त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही. ते कमी पडलं की डोळे जातात, हृदय कमजोर होतं. कुत्र्याचं खाणं घालून भागत नाही तेही यामुळेच. सूनबाई, दात आलेत म्हणताय म्हणजे बाटलीची गरज नाही. पिल्लांसाठीचं ग्रेव्हीचं पाकीट कोमट करून थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा द्या. आज दुकान बंद असेल तर बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन बारीक कुस्करून, त्याच्याच कोमट पाण्यात. हे एकदोन दिवसांपुरतंच. पाण्याची वाटी वेगळी.

पेठेतली_सून
मुलाला सीपीआरला नेऊन आणलं, इंजेक्शनं झाली. पिल्लाला ऊब दिल्यावर तासाभरानं चिकन चाटूनपुसून खाल्लं. अजून मागत होता, दिलं नाही. वय किती असेल? आणि पिसवांना कुत्र्याची पावडर चालेल का? शेजाऱ्यांकडे आहे.

मांजरखाना_राजारामपुरी
पावडर परत करा!! कुत्र्यांच्या पिसवांच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं, त्यानं मांजराला झटके येतात आणि मरतं. घरात उवांची फणी असेलच. फणीनं विंचरा आणि प्रत्येक वेळी साबणाच्या पाण्याच्या भांड्यात बुडवा, पिसवा तिथेच मरतात. मानेपासून सुरुवात करा, नाहीतर सगळ्या तोंडाकडे पळतात. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. एवढ्या लहान अंगातलं रक्त पिसवा इतकं पितात की हिरड्या पांढऱ्याफटक पडतात. हिरड्या बघा, गुलाबी हव्यात. पांढऱ्या दिसल्या तर सकाळची वाट बघू नका.

वय दातांवरून कळतं. पुढचे बारीक दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतात, मग सुळे, आणि मागच्या दाढा दिसत असतील तर सहा आठवड्यांच्या आसपास. डोळे अजून निळे असतील तर तेवढंच. वजन करा. साधारण दर महिन्याला साडेचारशे ग्रॅम असा हिशोब असतो, म्हणजे दीड महिन्याचं पिल्लू पावणेसातशेच्या आसपास भरायला हवं. घरी काटा नसेल तर कपिलतीर्थातला कुणीही भाजीवाला हसत हसत करून देईल. रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढतंय ना, यावर लक्ष ठेवा. मी तरी खाण्यापेक्षा काट्यावर जास्त विश्वास ठेवते.

आणि तो 'तो' नाही. पांढरा, काळा, तांबूस असे तिन्ही रंग म्हणजे भाटी. तांबूस रंगाचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो, काळा आणि तांबूस दोन्ही दिसायला दोन एक्स लागतात. तीन रंगांचा बोका हजारांत एखादा.

पेठेतली_सून
अय्या! पोरांनी 'सरदार' नाव ठेवलंय.

भावा_नाद_न्हाय
असू दे की सरदार. ताराराणीच्या गावात बाईमाणूस सरदार असलं तर बिघडलं काय?

मांजरखाना_राजारामपुरी
डॉक्टरकडे उद्या न्याच. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात स्वस्तात होईल, पण वेळ सकाळची गाठा. खाजगीकडे जाणार असाल तर आधी फोन करून विचारा, मांजरं बघता का. बरेच जण गाई-म्हशी नि कुत्री यांत मुरलेले असतात. डोळ्याचं बहुधा सर्दीचं आहे. तोवर उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस बुडवून चिपडं सैल करा, बाहेरच्या दिशेनं पुसा, दर पुसण्याला नवा कापूस. घरातले माणसांचे डोळ्याचे थेंब घालू नका, त्यात स्टिरॉइड असलं आणि बुबुळावर जखम असली तर डोळा जातो. पोट टम्म आहे ते जंतांमुळे असणार. औषध वजनावर ठरतं आणि साधारण पंधरा दिवसांनी परत द्यावं लागतं. शी भरून एका डबीत न्या, डॉक्टर खूश होतील. तिहेरी लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होते, रेबीजची साधारण तीन महिन्यांनी.

उपनगर_फुलेवाडी
एवढा खर्च कशाला? जरा तरतरी आली की मच्छी मार्केटला सोडून द्या. तिथे खायला भरपूर असतं.

वाकळवाली
तिथे आधीच बोके असतात, ते परक्या पिल्लाला टिकू देत नाहीत. आणि उपाशी मरेल अशा जागी जनावर टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. सूनबाईंनी ठेवायचं की द्यायचं ते त्या ठरवतील, सोडणं हा पर्याय धरू नका.

पेठेतली_सून
डॉक्टर झाले. साडेसहाशे ग्रॅम, जंताचं औषध दिलं, डोळ्यात मलम. बुबुळ शाबूत आहे म्हणाले. वाळू भरलेल्या जुन्या परातीत स्वतःहून जाऊन बसली, मी काहीच शिकवलं नाही. आता खरी अडचण. सासूबाईंना दमा आहे, घरात कायमची ठेवता येणार नाही. पुढचे काही आठवडे सांभाळते, मग चांगलं घर हवंय.

कसबा_बावडा_१
मी घ्यायला तयार आहे. घरी एक मोठा बोका आहे, तिसरा मजला.

मांजरखाना_राजारामपुरी
बावडेकर, बोक्याची लस झाली आहे का? नसेल तर आधी ती करा. पिल्लू आणल्यावर दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचं. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू घरात वर्षभरही तग धरतो, तुमच्या बोक्याला लागला तर दोन्ही जातील. आणि नसबंदी दोघांचीही. भाटी चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकते, नंतर दोन महिन्यांत पिल्लं. नवरदेव घरातच बसलाय.

कसबा_बावडा_१
बोक्याची लस झाली आहे, नसबंदी राहिली आहे. करून घेतो.

पेठेतली_सून
चालेल. तोवर ती इथेच राहील. एकच अट, तिसरा मजला म्हणताय तर खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी लागल्याचे फोटो आधी टाका. मग तारीख ठरवू.

कसबा_बावडा_१
रविवारी फॅब्रिकेशनवाला येतोय. फोटो टाकतो.