जुनी रशियन लष्करी रायफल मोसिन-नागां घ्यायची आहे, 'ओरिजिनल' कशी ओळखायची?

ओहायोकर: नमस्कार मंडळी. नागरिकत्व झालं, आता जुनी हौस पुरी करायची म्हणतोय. बजेट 400 डॉलर, त्यावर एक सेंट नाही (घरात शब्द दिलाय). शनिवारी गन शो आहे. एका विक्रेत्याकडे 91/30 (मोसिनचं लांब मॉडेल) बघून ठेवलीय. नळीवर त्रिकोणात बाण आणि 1942. दस्ता लालसर, आरशासारखा चकाकतो. सगळे नंबर जुळतात म्हणतो. काय काय तपासू?

टेक्सासचा_तात्या: त्रिकोणात बाण म्हणजे इझेव्हस्कचा कारखाना, ताऱ्यात बाण म्हणजे तुला शहरातला. "जुळतात म्हणतो" याला काडीची किंमत नाही. नंबर चार ठिकाणी बघा: नळी, बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता दांडा), मॅगझिनचं खालचं झाकण, बटप्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकाची पत्री). आकडा एकच असून भागत नाही, ठसा एकच हवा. युद्धानंतर रशियनांनी या रायफली शस्त्रागारात नेऊन खोलल्या, हाताला येईल तो बोल्ट बसवला, जुना नंबर खोडून नवा घातला. काहींवर तर विजेच्या पेनने डॉक्टरच्या अक्षरात नंबर लिहिलाय. त्याला इथे 'फोर्स मॅच' म्हणतात. चौकोनात तिरकी रेघ असा शिक्का दिसला की समजा, दुरुस्ती होऊन आलेली.
माझी 1938 ची तुला आहे, चारही नंबर कारखान्यातले. 2009 मध्ये 89 डॉलर.

पुणेरी_मिसळ: 400 मध्ये खेळणं येईल. थोडे थांबा, पैसे साठवा, पीयू स्नायपरच घ्या. साडेतीन पट दुर्बीण, वाकडा बोल्ट. बाकी सगळं भंगार.

टेक्सासचा_तात्या: मिसळराव, त्यांनी बजेट लिहिलंय हो. आणि साध्या रायफलीला भोकं पाडून 'पीयू' म्हणून गळ्यात मारणारे पैशाला पासरी आहेत. खऱ्या पीयूच्या नळीवर बुडाशी डावीकडे दुर्बिणीचा नंबर ठोकलेला असतो. तुमच्या रायफलीवर आहे का?

पुणेरी_मिसळ: माझ्या रायफलीचा विषय नाहीये.

जर्सीची_वहिनी: आमच्याकडे हेच झालं. ह्यांनी मूळ दस्त्याची एम38 (मोसिनचंच आखूड मॉडेल) आणली आणि "जरा कळकट दिसते" म्हणून रविवारभर पॉलिशपेपर मारला. वर पॉलियुरेथेन. लाकडात कारखान्याचे बारीक शिक्के होते, ते सगळे भुश्शात गेले. नंतर एक संग्राहक घरी आला, दस्त्यावरून बोट फिरवलं आणि चहा पिऊन निघून गेला. किंमतसुद्धा विचारली नाही.

कोकणी_सुतार: तो लालसर चकाकणारा थर लाखेचा असणार. आपण पाळण्याला फ्रेंच पॉलिश करतो तीच लाख, झारखंडात पिकते ती. युद्धानंतरच्या दुरुस्तीत रशियनांनी ती हात सैल सोडून मारलीय, कडेला काचेसारखे टवके उडतात. विक्रेत्याला विचारून बटप्लेटच्या कडेशी, दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्याने स्पिरिट टेकवा. बोट चिकटलं तर लाख. नाही चिकटलं तर नंतर कोणीतरी वहिनींच्या यजमानांसारखा उद्योग केलाय.

जर्सीची_वहिनी: 😄

सोलापुरी_पैलवान: दादा, इकडे भारतात आणता येईल का ही?

ओहायोकर: नाही हो, इथेच राहणार.

बे_एरिया_बंड्या: मी एचवन व्हिसावर आहे, नागरिक नाही, मित्र म्हणतो शिकारीचा परवाना काढला की घेता येते. खरं का?

टेक्सासचा_तात्या: तसा अपवाद कायद्यात आहे, पण मित्राच्या भरवशावर नको, वकिलाला विचारा. धागा भरकटतोय. ओहायोकर, 1942 च्या रिसीव्हरवर (बोल्ट बसतो तो सांगाडा) कारखान्यातल्या हत्यारांचे ओरखडे दिसले तर दचकू नका. 1941 च्या शरदात जर्मन तुलाच्या वेशीवर आले, तिथली यंत्रं हलवावी लागली, भार इझेव्हस्कवर पडला. गुळगुळीत करायला वेळ कुणाला होता? उलट 1942 ची फार गुळगुळीत दिसली तर मी दोनदा बघेन. नळीच्या तोंडातही बॅटरी मारा. आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) टोकापासून थोडे मागे सुरू होत असतील तर झिजलेलं तोंड आतून कोरून काढलंय. पाप नाही ते, पण 'ओरिजिनल'चा भाव देऊ नका.

नाशिककर_शिकागो: नंबर चार ठिकाणी बघा. बटप्लेटचा विसरू नका.

टेक्सासचा_तात्या: वर तेच लिहिलंय.

नाशिककर_शिकागो: वाचलं नव्हतं. पण बोल्ट दुसऱ्या रायफलीचा निघाला तर गनस्मिथकडून हेडस्पेस (बोल्ट आणि काडतूस यांच्यातली फट) मोजून घ्या, मगच गोळी घाला. आणि जुन्या लष्करी सरप्लस गोळ्यांच्या प्रायमरमधून (बुडाची ठिणगी पाडणारी टोपी) क्षार उरतात. मी एकदा रेंजवरून आलो, मॅच बघत बसलो, दुसऱ्या दिवशी पुसू म्हटलं. नळी आतून तांबूस! त्याच दिवशी गरम पाणी ओता, कोरडी करा, तेल लावा.

पुणेरी_मिसळ: गरम पाणी कशाला, काच पुसायचं अमोनियावालं पुरतं.

नाशिककर_शिकागो: क्षार विरघळतात ते त्यातल्या पाण्याने. अमोनियाचे पैसे कशाला?

ओहायोकर: जाऊन आलो. 1942 वालीचा बोल्ट डॉक्टरी अक्षरात निघाला. बटप्लेट दाखवा म्हटल्यावर विक्रेत्याने रायफल उचलून मागे ठेवली. शेजारच्या टेबलावर एम44 (मोसिनचंच आखूड, संगीनवालं मॉडेल) होती. चौकोनात तिरकी रेघ, लाखेचा जाड थर, झाकणावरचा जुना नंबर ढळढळीत खोडलेला. तुम्ही सांगितलेलं एकूण एक तिच्यात होतं. पण त्या माणसाने बाजूची संगीन खट्‌कन उलगडून दाखवली. 460 ला घेतली.

जर्सीची_वहिनी: घरातले पॉलिशपेपर आधी फेकून द्या.

टेक्सासचा_तात्या: 460??