‘पापे पदरी घेणे’ म्हणजे नेमकं काय?

गंगाघाटकर
३० वर्षं मुद्रितं तपासण्यात गेली, तरी गेल्या महिन्यात फसलो. नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या एका मित्राच्या आईच्या स्मरणार्थ छोटी पुस्तिका छापायची होती. पहिल्या पानावर बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन होतं (१:९) : ‘जर आपण आपली पापे पदरी घेतली, तर तो विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून आपल्या पापांची क्षमा करील, व आपल्याला सर्व अधर्मापासून शुद्ध करील.’ मी ‘पदरी घेतली’वर तांबडी रेघ ओढली आणि समासात ‘कबूल केली’ लिहून मोकळा झालो. माझ्या कानाला पाप पदरी घेणं म्हणजे पाप ओढवून घेणं. ‘कशाला गरिबाचा तळतळाट घेऊन पाप पदरी बांधतोस?’ असं आई म्हणायची. मग या वाक्याचा अर्थ काय, आधी पाप करा म्हणजे माफी मिळेल?

प्रती छापून झाल्यावर मित्र एवढंच म्हणाला, ‘अरे, आईला हे वचन तोंडपाठ होतं.’ आता तुम्हीच सांगा, चुकलो का मी?

येवल्याची
चुकलात. पाप पदरी पडतं, पदरी बांधलं जातं आणि पदरी घेतलं जातं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पडतं ते नकळत, बांधतो ते आपल्या करणीने. घेतो ते मात्र समजून-उमजून, ‘हे माझं’ म्हणून. चूक पदरात घेणे, दोष पदरी घेणे हे आपल्याकडे रुळलेलंच आहे. त्याच्या उलट दुसऱ्याच्या माथी खापर फोडणे.

पदर म्हणजे स्वतःचं, हा अर्थ ‘पदरचे पैसे’ आणि ‘पदरमोड’मध्ये स्पष्ट दिसतो. ‘पेशव्यांच्या पदरी’ म्हणजे त्यांच्या आश्रयाला, तिथे जवळीक आली. आमच्या गावात पैठणीचं गिऱ्हाईक आधी पदर उलगडायला लावतं, कारण सगळं काम तिथे दिसतं. (चौपदरी रस्त्याचा पदर वेगळा. तो चर्चेत ओढू नका, नाहीतर आपण मुंबई-आग्रा रोडवरच अडकू.)

शरणपूर रोड
आमच्या घरात हा शब्द पुस्तकातला नव्हता, रोजचा होता. लहानपणी लोणच्याची चिनी मातीची बरणी फुटली, भावाने मांजरावर ढकललं. आजी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, ‘पदरी घे, आणि इकडे ये.’ तो गेला नाही, दाराआड उभा राहिला. तासाभराने गेला, तेव्हा तिने पिठाच्या हातानेच त्याला कुशीत ओढलं. त्याच्या सदऱ्यावर पिठाची पाच बोटं उठली होती.

बायबलची सुरुवात अशाच दाराआडून होते. आदाम झाडांत लपतो आणि देवाने विचारल्यावर म्हणतो, तू दिलेल्या त्या स्त्रीने मला फळ दिलं. एका दमात बायकोवर आणि देवावरही खापर! पापाने पहिलं काय केलं तर अंतर पाडलं. म्हणून ‘पदरी घेणे’ला मी नुसती कबुली म्हणणार नाही. कबुली चौकीतही होते. तिथे कबूल केल्यावर कोणी जवळ घेत नाही.

मूळ ग्रीक शब्द ‘होमोलोगेओ’, म्हणजे ‘तेच म्हणणे’. देव ज्याला पाप म्हणतो त्याला मीही पापच म्हणायचं; सवय, परिस्थिती, स्वभाव अशी गोंडस नावं द्यायची नाहीत. सोप्या मराठीतल्या भाषांतरात ‘कबूल करतो’ आहे. ते चूक नाही, पण पदर गेला.

सिडकोतला
ताई, पटलं. पण रविवारी पदरी घेतलं आणि बुधवारी पुन्हा तेच केलं, तर? स्वानुभवाने विचारतोय.

शरणपूर रोड
दादा, हा प्रश्न खुद्द पौलाचा आहे. रोमकरांस पत्राच्या ७व्या अध्यायात तो म्हणतो, जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही, आणि नको ते करतो. एवढा मोठा प्रेषित!

उपदेशात ‘पापावर विजय’ हा शब्द फार येतो. मला तो आखाड्यातला वाटतो, जणू माणसाने दंड थोपटायचे आणि पापाला चितपट करायचं. प्रार्थनासभेत आपला अनुभव सांगायला, म्हणजे साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस काय बोलतो ते ऐका. ‘मी दारू दहादा सोडली’ असं म्हणतो, आणि शेवटी ‘मग सुटली’. सोडली आणि सुटली यांच्यात आपलं मराठी व्याकरण केवढं काम करतं बघा! सोडणारा मी, पण सुटते तेव्हा कर्ता मी राहत नाही. पौलही त्याच अध्यायात ‘मला कोण सोडवील?’ असं विचारतो. काय करून सुटेन, असं विचारत नाही. उत्तरात तो येशू ख्रिस्ताचं नाव घेतो, उपाय सांगत नाही. प्रभूच्या प्रार्थनेतही ‘आमची ऋणे आम्हांला सोड’ असंच आहे.

म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं असं नाही. याकोबाच्या पत्रात सैतानाला विरोध करा असं आहेच, पण लागून पुढे आहे : देवाजवळ या, म्हणजे तो तुमच्याजवळ येईल. बुधवारी पडलात तर गुरुवारी दाराआड राहू नका. रविवारची वाट कशाला बघता?

दिंडोरीचा बागायतदार
मी ख्रिस्ती नाही, पण योहानाच्या शुभवर्तमानातला १५वा अध्याय माहीत आहे, कारण तो आमच्या द्राक्षाच्या धंद्याचा आहे. ‘मी वेल, तुम्ही फाटे.’ आम्ही फाटा म्हणत नाही, काडी म्हणतो. एप्रिलच्या खरड छाटणीत तोडलेली काडी सकाळी हिरवीगार दिसते, संध्याकाळी पानं मलूल. तिने जोर लावून उपयोग नाही. खोडाला असलेल्या काडीला घड लागतात, तेही तिने जोर लावून नव्हे. वेलावर राहिली, एवढंच तिचं काम. ऑक्टोबरला पुन्हा कात्री, कापल्या जागेतून पाणी ठिबकतं. ते मात्र राहिलेल्या काडीलाच सोसावं लागतं.

गंगाघाटकर
बागायतदारांमुळे पुन्हा बायबल उघडलं. तिथे फळ देणाऱ्या फाट्याला बाप, म्हणजे देव, ‘साफसूफ करतो’ असं भाषांतर आहे. ग्रीकमध्ये हे ‘साफसूफ’ आणि माझ्या वचनातलं ‘शुद्ध करील’ एकाच मुळातले, ‘काथारोस’ म्हणजे स्वच्छ. मराठीत एक कात्रीकडे गेलं, एक देवळाकडे. आपल्याला ‘शुद्ध’ म्हटलं की रामकुंडातली डुबकी आठवते, एकदा मारली की झालं. छाटणी दरवर्षी येते. ‘क्षमा करील’च्या पुढे ‘व शुद्ध करील’ हे वेगळं क्रियापद का, ते आत्ता कळलं. क्षमेने दार उघडतं, शुद्ध होणं घरात राहून चालू राहतं.

मित्राकडे जाऊन आलो. उरलेल्या प्रतींवर मूळ वचनाची चिठ्ठी चिकटवतोय, पदरच्या पैशाने. आता एकच विचारायचं राहिलं. नगर, जालना भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ‘पदरी घेणे’ अजून बोलण्यात आहे, की वाचनापुरतंच उरलं? तिकडचं कोणी असेल तर लिहा.