बोअरचं जड पाणी, कोंडा आणि डोक्याची त्वचा: नेमकं काय बदलायचं?

केळीपट्टा_रावेर
राम राम मंडळी. बोअरचं पाणी तपासून घेतलं: कठीणपणा (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) लिटरला 560 मिलिग्रॅम, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) 940. तुरीची डाळ तासभर शिजवली तरी दाणा राहतो, गीझरच्या कॉइलवर पांढरी खपली धरते. मुलगी 20 वर्षांची, केस कमरेपर्यंत. डोक्याला खाज, पिवळसर पापुद्रे, आणि धुतल्यावरही केस चिकट-राठ. सध्याचा क्रम असा: आठवड्यातून तीनदा रात्री मोहरीचं तेल मुळांना, सकाळी शिकेकाई साबण. रविवारी केटोकोनॅझोल (बुरशीनाशक औषध) 2 टक्के शाम्पू, चोळला की लगेच धुवून टाकतो. पाच आठवडे झाले, फरक नाही. कोंडा पाण्यामुळे होतो का? तेल बंद करावं का? आणि ‘मायक्रोबायोम’ (म्हणजे त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांची वस्ती) लिहिलेले महाग शाम्पू घ्यावेत का?

पांझराकाठ
भाऊ, इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. पिवळसर पापुद्रा हा कोंडा. चिकट-राठपणा हा पाण्याचा आणि साबणाचा. दोन्हींचा उपाय वेगळा, म्हणून आधी कोंड्याचं बोलतो.

डोक्याच्या त्वचेवर सगळ्यांच्याच मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट असतं. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1874 मध्ये कोंड्याच्या पापुद्र्यांत ते पाहिलं, त्यावरून हे नाव. त्याच्याबरोबर क्युटिबॅक्टेरियम आणि स्टॅफिलोकोकस हे जिवाणूही तिथले नेहमीचे रहिवासी. या यीस्टला स्वतःची स्निग्धाम्लं (तेला-तुपातली आम्लं) बनवता येत नाहीत, त्यामुळे ते आपल्या त्वचेच्या तेलावर जगतं. तेल फोडतं, त्यातली संपृक्त आम्लं खातं, आणि ओलेइक आम्लासारखी असंपृक्त आम्लं तिथेच सोडून देतं. ज्यांच्या त्वचेला ती सोसत नाहीत त्यांना खाज सुटते आणि त्वचेच्या पेशी घाईघाईने वर येऊन गठ्ठ्यांनी सुटतात. तोच कोंडा.

म्हणजे डोकं कोरडं पडलं म्हणून कोंडा झाला, ही समजूत बहुतेक वेळा उलटी असते. त्या समजुतीपायी रात्रभर तेल मुरवलं जातं आणि यीस्टला आयतं जेवण मिळतं. प्रयोगशाळेत हे यीस्ट वाढवायचं असेल तर माध्यमावर ऑलिव्ह तेल घालतात, यातच सगळं आलं.

यीस्टचा समूळ नायनाट करायचा नाही, तो होतही नाही. त्याची संख्या आणि त्याचं खाणं कमी करायचं. केटोकोनॅझोल बरोबर निवडलंय, पण वापरण्यात तीन चुका आहेत.

पहिली, वेळ. औषध त्वचेवर 3 ते 5 मिनिटं राहायलाच हवं. मोबाइलवर गजर लावा, अंदाजाने दीड मिनिटाचीच पाच मिनिटं होतात.
दुसरी, वारंवारता. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, असे 2 ते 4 आठवडे. मग 1 ते 2 आठवड्यांतून एकदा. पूर्ण बंद केलं की बहुतेकांना कोंडा परत येतो. ते औषधाचं अपयश नाही, यीस्ट तिथलंच आहे.
तिसरी, तेलकट डोक्यावर थेट औषध. तेलाच्या थरावर ते त्वचेपर्यंत पोचतच नाही. आधी साध्या शाम्पूने एकदा धुवा, पाणी निथळू द्या, मग भांग पाडत-पाडत औषधी शाम्पू त्वचेवर लावा. एवढ्या लांब केसांनाही 8 ते 10 मिली पुरतो, कारण तो केसांच्या लांबीला लावायचाच नाही. तिथे लावला तर केस अजून राठ होतील. बोटांच्या पेरांनी चोळा, नखांनी नाही.

‘मायक्रोबायोम’ शाम्पूबद्दल: बाटलीत परिरक्षक असतात, त्यामुळे जिवंत जिवाणू त्यात टिकत नाहीत. असतात ते बहुधा जिवाणूंचे अर्क किंवा त्यांचं खाद्य, आणि तेही दोन मिनिटांत मोरीत जातं. त्या पैशात केटोकोनॅझोलच्या बाटल्या येतील. डोक्याला दही लावूनही तिथे चांगले जिवाणू वस्तीला येत नाहीत. उलट आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो तेव्हा उरलेल्या दह्याचा वास तेवढा येतो.

गिरणा_खोरे
पाण्याचं मी सांगते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर 600. म्हणजे तुमचं 560 वरच्या टोकाला आहे. मात्र या पाण्याने कोंडा ‘होत’ नाही. ते करतं ते असं: साबणातल्या स्निग्धाम्लाला पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम चिकटतं आणि न विरघळणारा मेणचट साका तयार होतो. तो केसांवर बसतो.

ओळखायचं कसं? केसाच्या लांबीवरून दोन बोटं ओढा. करडा-पांढरा मेणासारखा थर बोटाला आला, कंगव्याच्या दातांत साचला, तर तो साका. झटकल्यावर खांद्यावर पडला तर कोंडा.

दोष तुमच्या साबणात आहे. वेष्टनावर शिकेकाई लिहिलं तरी वडी ही वडीच. साबणाचा पीएच (आम्ल-क्षारधर्माचं माप; 7 च्या खाली आम्ल, वर क्षारधर्मी) 9 ते 10, त्वचेचा साधारण 5.5. तो आजच बंद करा. शाम्पूतली फेसद्रव्यं जड पाण्यात साका करत नाहीत. घटकांत ‘डायसोडियम ईडीटीए’ असेल तर उत्तम, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. शाम्पू अर्ध्या मग पाण्यात ढवळून मगच ओता, एका जागी घट्ट थापला की निघता निघत नाही.

खरी शिकेकाई वापरायची तर कोंडा आटोक्यात आल्यावर. 50 ग्रॅम शेंगा बिया काढून लिटरभर पाण्यात रात्री भिजत घाला, सकाळी 10 मिनिटं मंद उकळा, मलमलच्या फडक्यातून गाळा. तिचा फेस सॅपोनिन या वनस्पतीतल्या फेसद्रव्याचा असतो, म्हणून जड पाण्यातही साका होत नाही. पूड कालवून थापू नका, कण मुळांशी अडकून खाज वाढते. काढा त्याच दिवशी संपवा, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी तो आंबलेलाच असतो.

आधीच बसलेला थर उतरवायला लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड). बोअरच्या 1 लिटर पाण्यात सपाट पाव चहाचा चमचा, साधारण 1 ग्रॅम. पीएचच्या पट्टीवर 4 ते 5 यायला हवं. 4 च्या खाली गेलं तर पाणी वाढवा. शाम्पूनंतर फक्त लांबीवर ओता, 2 मिनिटं थांबा, पाण्याने काढा. आठवड्यातून एकदा बस. फिल्टरच्या पाण्यात हेच प्रमाण घेतलं तर फार आंबट होतं, कारण आम्ल मारणारे क्षार त्यात नाहीत. तिथे चिमूटभर पुरे. लिंबू कापून डोक्यावर चोळू नका आणि तो रस लावून उन्हात जाऊ नका, त्वचा पोळून काळे डाग पडतात. खाण्याचा सोडा तर नकोच, तो क्षारधर्मी आहे.

शेवटचे दोन मग फिल्टरच्या जारचे घेतले तर फरक लगेच दिसतो. पण आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी केसांना वापरू नका. बऱ्याच घरी ते बादलीत साठवून न्हाणीत नेतात. सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात, ते बोअरपेक्षा जड. टीडीएस मीटरवरही विसंबू नका. तो एकूण क्षार मोजतो, कठीणपणा नाही.

तापीकाठ
तेलाबाबत पांझराकाठ यांच्याशी सहमत, पण पूर्ण बंदी नको. मुळांना तेल चार आठवडे बंद. कमरेपर्यंतच्या केसांची टोकं मात्र जुनी आणि झिजलेली असतात. त्यांना धुण्याआधी तासभर खोबरेल लावावं: कानाच्या खालून टोकांपर्यंत, 1 ते 2 चहाचे चमचे. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रथिनं कमी जातात. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत सूर्यफूल तेलाने आणि खनिज तेलाने हे साधलं नव्हतं. मोहरी टाळा. चिडलेल्या त्वचेला ती अजून झोंबते, आणि ओलेइक आम्लही तिच्यात आहेच.

अजून दोन गोष्टी. ओल्या केसांची वेणी घालू नये, मुळांशी ओल तासन्‌तास राहते. सुती पंचाने टिपून केस मोकळे वाळू द्या. आणि उन्हात बांधतो तो स्कार्फ रोज धुवा. जिनिंगच्या (कापसातून सरकी काढण्याच्या) हंगामात डोक्यात सरकी-कापसाची धूळ बसते म्हणून रोज शाम्पू करायची गरज नाही, डोकं झाकून जा आणि आल्यावर नुसत्या पाण्याने खळखळून घ्या. घाम खूप असेल तर एक दिवसाआड सौम्य शाम्पू चालतो. त्याने केस गळतात ही भीती नको, धुताना जे हातात येतात ते आधीच सुटलेले असतात.

केळीपट्टा_रावेर
खूप उपयोग झाला. साबण आजच बाजूला ठेवला. एक राहिलं: धाकटा 8 वर्षांचा आहे, त्याच्या डोक्यावर रुपयाएवढी जागा रिकामी झाली आहे. कंगवा एकच. त्यालाही हाच शाम्पू लावू का?

पांझराकाठ
नाही भो, इथे शाम्पूवर थांबू नका. ती जागा उजेडात नीट बघा. अगदी गुळगुळीत, पापुद्रा नाही, तर चाई असू शकते. पापुद्रे असतील, केस मुळाशी तुटून काळे ठिपके दिसत असतील, तर तो डोक्यातला नायटा. त्याची बुरशी मॅलॅसेझियापेक्षा वेगळी, ती केसाच्या आत शिरते, म्हणून पोटातून गोळ्या लागतात आणि त्या वजनाप्रमाणे काही आठवडे चालतात. शाम्पूने फक्त इतरांना लागण कमी होते. मेडिकलमधून बेटामेथासोन (स्टेरॉइड) मिसळलेलं मलम आणून लावू नका. लाली दबते, बुरशी पसरते, आणि मग डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं. जळगावच्या किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभागात याच आठवड्यात दाखवा. मलम लावलेलं नसेल तर तपासणीला नमुना चांगला मिळतो.

मुलीचंही असं ठेवा: चार आठवडे नीट वापरूनही खाज तशीच, किंवा केसांच्या रेषेबाहेर कपाळावर जाड चंदेरी खवले, कोपरांवरही तसंच, तर सोरायसिस हा त्वचेचा वेगळा आजार असू शकतो. मग तिलाही बरोबर न्या.

गिरणा_खोरे
कंगवे आजपासून वेगळे करा. जुना प्लास्टिकचा फेकून द्या, त्याच्या फटींत साका आणि केस दोन्ही असतात. उशीचे अभ्रे, टोपी, पंचा गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर त्याच्या अंगावर केस गेलेली जागा आहे का तेही बघा, पोरांना नायटा तिकडूनही येतो. आणि धाकट्याचे केस कापायला नेताना न्हाव्याला आधी सांगा, मशीनचं पातं त्यांना पुसून घेता येईल.