मदत हवी आहे: मारामुळे मुलगा शाळेत जायला घाबरतोय, तक्रार कशी करावी?

मुलगा सहावीत आहे, तालुक्याच्या गावातली अनुदानित शाळा. दिवाळीच्या सुट्टीनंतर सतराचा पाढा अडला म्हणून गणिताच्या सरांनी पट्टी उभी धरून त्याच्या बोटांच्या पेरांवर मारलं. घरी बोलला नाही. जेवताना डाव्या हाताने घास घ्यायला लागला, तेव्हा मला कळलं.

सूज दोन दिवसांत उतरली. पण आता गणिताचा पहिला तास असला की सकाळी पोटात दुखतं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. रविवारी दुखत नाही. दोनदा अंथरूण ओलं झालं, जे चार-पाच वर्षांत कधी झालं नव्हतं. घरी ओट्यापाशी उभा राहून तोच पाढा घडाघडा म्हणतो, वर्गात उभं केलं की तोंडातून शब्द फुटत नाही. भीतीने डोकं भरलं की पाढा कुठून आठवणार? आणि परवा धाकट्या बहिणीचा अभ्यास घेताना तिला म्हणाला, "चुकलीस ना, हात पुढे कर." तेव्हापासून मला झोप नाही.

ह्यांचं म्हणणं, आम्हीही छड्या खाल्ल्या, काय बिघडलं? पण त्या मास्तरांनी शिकवलं काय, ते विचारल्यावर ह्यांना सांगता येईना.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे, हे मी वाचलंय. अडचण पुढची आहे. मुख्याध्यापकांना आधी तोंडी भेटू, की लेखी अर्ज देऊन पोच घेऊ? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, पण आमच्याकडे कुणी सरांविरुद्ध बोलायला तयार नाही. थेट गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे किंवा १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनकडे गेलं तर सर पोरावर डूख धरतील का? सरांची नोकरी जावी असं मला अजिबात वाटत नाही. मारणं थांबावं, एवढंच.

कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. शिक्षक मंडळींनीही लिहा, सरांशी कोणत्या शब्दांत बोललं तर ते ऐकून घेतील?

उद्या सोमवार, पहिला तास गणिताचाच आहे. पाठवू की घरी ठेवू?