मदत हवी आहे: पवई तलावातला मासा गरोदरपणात खावा का?

मी चांदिवलीत राहते, पाचवा महिना चालू आहे. सासरे रिटायर झाल्यापासून रविवारी गळ घेऊन पवईला जातात. येताना रोहू, तिलापिया, नशीब असेल तर मरळ. साफही तेच करून देतात आणि पहिली तुकडी माझ्या ताटात. गाभोळी (माशाची अंडी) निघाली तर तीही माझीच!

अडचण अशी की तो तलाव मी रोज बसमधून बघते. जलपर्णी माजलेली, सांडपाणी येतंय. १८९१ साली पिण्याच्या पाण्यासाठी बांधला, पण आज ते पाणी कुणी पीत नाही. मग मासा कसा चालतो? बाबा (सासरे) म्हणतात, "पाणी वाईट असतं तर मासा जगला असता का?" सासूबाईंच्या मते हळद-मीठ-आगळ लावून नीट शिजवलं की काही राहत नाही. जंतू, कृमी मरतात हे पटतं, पण पारा, शिसं? डॉक्टर मोरी (शार्क), सुरमई कमी खा म्हणाल्या, तलावाबद्दल मोघमच बोलल्या.

मरळ सोडून फक्त तिलापिया खाल्ला तर चालेल का? कातडी काढून उपयोग होतो? आणि बाबांना न दुखावता नाही कसं म्हणू?

मासेखाऊ: ताई, पारा मांसातच बसलेला असतो. तळा, उकडा, कातडी काढा, तो जात नाही. मरळ दुसरे मासे खाते, म्हणून तिच्यात जास्त साठतो, मोठ्या मरळीत आणखी. पीसीबीसारखी चरबीत साठणारी रसायनं कातडी आणि पोटाकडची चरबी काढल्यावर कमी होतात, पण गाभोळीतही उतरतात. पाण्यावर हिरवा तवंग असेल तर काळीज, आतडी टाकाच. अमेरिकेत एफडीए (अन्न-औषध प्रशासन) आणि ईपीए (पर्यावरण संरक्षण संस्था) सांगतात की जिथे मासा पकडला त्या पाण्याबद्दल काही सरकारी सूचना नसेल तर तिथला मासा आठवड्यातून एकदाच, सुमारे ११३ ग्रॅम, आणि त्या आठवड्यात दुसरा मासा नाही. सांडपाणी येणाऱ्या तलावाला मी तेवढीही सूट देणार नाही, निदान बाळ होईपर्यंत. तिलापियाही नको. बाजारातली मांदेली, बांगडा खा.

भांडुपकर: सासऱ्यांना पुढच्या तपासणीला बरोबर न्या. सुनेचं नाही ऐकणार, डॉक्टरीणबाईंचं ऐकतील. गळ टाकू दे की, मासा परत सोडायचा.

धागाकर्ती: तपासणीला रिक्षाने बाबाच नेतात! गाभोळीचं वाचून धसका बसला. यावेळी त्यांच्यासमोरच विचारते.