सॉल्ट (मूळ औषध) तेच, मग इनहेलरचा पंप बदलला तर बिघडलं कुठे?

फार्मसीवाला_सांगली
"जेनेरिक इनहेलर म्हणजे नुसता गॅस, दम्याला ब्रँडेडच घ्या" ही काल इथली पोस्ट. असलं लिहू नका हो! परवडत नाही म्हणून लोक आधी स्टेरॉइडचा, म्हणजे रोज घ्यायचा, सूज कमी करणारा पंपच सोडतात आणि दम लागला की सॅल्ब्युटामॉल, म्हणजे तात्पुरता आराम देणारा पंप, मारत बसतात. सॅल्ब्युटामॉल बाजारात आलं १९६९ला, पेटंट कधीच संपलं. तुमचं अस्थालिन, म्हणजे सॅल्ब्युटामॉलचाच पंप, तोही जेनेरिकच, फक्त नाव असलेलं.

रेणू_आरटी
गोळीचा हिशेब पंपाला लावू नका. औषध फुप्फुसात उतरायला कण साधारण १ ते ५ मायक्रॉनचे (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) लागतात, मोठे घशातच चिकटतात. ते ठरतं व्हॉल्व्ह, नोझल आणि द्रावणावर. बेक्लोमेटासोन या स्टेरॉइडचे क्यूव्हार आणि क्लेनिल असे दोन ब्रँड, त्यात क्यूव्हार क्लेनिलच्या साधारण दुप्पट ताकदीचा, म्हणून ब्रिटनमध्ये २००८पासून ब्रँडचं नाव घालून लिहायला सांगतात.

फार्मसीवाला_सांगली
तो फरक दोन ब्रँडमधलाच! अमेरिकेत २०२०मध्ये प्रोएअर या सॅल्ब्युटामॉलच्या ब्रँडेड पंपाच्या जेनेरिकला मान्यता मिळालीच ना?

खडूस_काका
आधी पंप धुता का ते सांगा. सॅल्ब्युटामॉलच्या नोझलवर पांढरा थर बसतो, फवारा तिरका जातो आणि शिव्या कंपनीला. आठवड्यातून एकदा औषधाचा धातूचा डबा काढायचा, नुसतं प्लॅस्टिक कोमट पाण्याखाली धरायचं, रात्रभर वाळवायचं. औषध किती उरलं ते कळायला डबा पाण्यात बुडवून 'तरंगतो का' बघणं तर बंदच करा, त्यावरून काही कळत नाही. २०० पफचा पंप रोज चार पफने ५० दिवसांत संपतो, तारीख डब्यावर लिहा.

रेणू_आरटी
धुणं बरोबर, पण विषय भरकटवू नका. दुकानात डिव्हाइसच बदलून देतात त्याचं काय? फवाऱ्याचा पंप सावकाश ओढायचा, पावडरचा इनहेलर जोरात. पावडरच्या कॅप्सूलची डिव्हाइसही वेगवेगळी: रोटाहेलर फिरवला की कॅप्सूलचे दोन भाग होतात, रिव्होलायझर तिला टोचतो. न जुळणारी कॅप्सूल घातली की अर्धी पावडर आतच. पेशंट म्हणतो, औषध बोगस!

फार्मसीवाला_सांगली
एवढं मान्य. डिव्हाइस बदलून देणं चूकच, आणि दिलंच तर काउंटरवर ओढून दाखवायलाच हवं. पण तो दोष दुकानदाराचा, जेनेरिकचा नाही.

रेणू_आरटी
पेशंटला दम लागल्यावर दोष कुणाचा याने काय फरक पडतो? डिव्हाइस तेच राहणार असेल तर द्या स्वस्त, माझी हरकत नाही. नाहीतर डॉक्टरांना फोन करा, मग द्या.

खडूस_काका
आणि स्टेरॉइडनंतर चूळ भरून थुंकायला सांगा. तोंडात पांढरे चट्टे आले की लोक तोही पंप सोडतात.