आईला पहिल्यांदा समुद्र दाखवायचाय, कोकणातला कुठला किनारा बरा?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही लातूरचे. आई ७१ वर्षांची आहे, आयुष्य सगळं शेतात आणि नंतर आमच्या पोरांच्या मागं गेलं, समुद्र तिनं टीव्हीवर सोडून कधी बघितलाच नाही. परवा थोरल्या पोरीचा भरती-ओहोटीचा धडा चालला होता तर आई तिला विचारत बसली की पाणी खरंच मागं जातं का गं, आणि जातं तर कुठं जातं. ते ऐकून मला कसंतरीच झालं. म्हटलं ह्या डिसेंबरात काहीही करून न्यायचंच.

तर आई, मी, बायको, दोन पोरी (९ आणि ५), घरची गाडी, चार रात्री. आईचा एक गुडघा दुखतो, सपाट जागी अर्धा किलोमीटर चालते पण पायऱ्या आणि भुसभुशीत वाळू जमणार नाही. गाडीपासून पाणी जवळ, टेकायला सावली, आणि आईला पाण्यात पाय बुडवून उभं राहता येईल असा किनारा पाहिजे, डीजे आणि गर्दी नको. नेटवर बघितलं तर जो तो वीस-वीस बीचची यादी देतोय आणि सगळेच म्हणे नयनरम्य, त्यातनं काही कळंना. शिवाय एका रिसॉर्टला फोन केला तर म्हणाले आमच्याकडं राहिलात तरच बीचवर जाता येईल, प्रायव्हेट आहे. असं असतं का खरंच?

तारखा पक्क्या नाहीत, अष्टमीच्या आसपास निघावं म्हणतोय.

पुळणकर

तुम्ही सरळ रत्नागिरीला या. मी इथलाच आहे म्हणून सांगत नाही, तुमचा रस्ताच तो आहे. तुळजापूर, सोलापूर, मिरज करत कोल्हापूरला मुक्काम करा, आईंना अंबाबाईचं दर्शन होईल, दुसऱ्या दिवशी आंबा घाट उतरून दुपारच्या जेवणाला रत्नागिरीत. एका दिवसात लातूर ते किनारा ओढू नका, आईंचं अंग आंबून जाईल आणि पहिला समुद्र थकलेल्या डोळ्यांनी बघितला जाईल.

आईंसाठी भाट्ये. शहरातून खाडीचा पूल ओलांडला की लगेच. लांबलचक सरळ पुळण (वाळूचा किनारा), मागे सुरूचं बन, रस्ता अगदी जवळ, आणि टोकाला झरी विनायकाचं देऊळ. शनिवार-रविवारी संध्याकाळी गावातली माणसं येतात तेवढीच गर्दी, सोमवार ते गुरुवार या. फक्त पुलाकडच्या बाजूला जाऊ नका, तिथे खाडीचं मुख आहे, भरती-ओहोटीला पाणी जोरात आतबाहेर करतं आणि होड्यांचीही ये-जा असते. सुरूच्या बनाच्या मधोमध कुठेतरी उतरा.

वाळू कोरडी असते तो पट्टा ओलांडणं हेच काय ते आईंना जड. तेवढे वीस-तीस पावलं दोघांनी धरून न्या, पुढे ओली वाळू लागली की जमीन असल्यासारखी घट्ट असते. एक प्लास्टिकची हाताची खुर्ची बरोबर घ्या आणि तिच्या खाली टाकायला एक फळकूट, नाहीतर खुर्चीचे पाय रुततात आणि माणूस कलंडतं. माझ्या आजीला आम्ही तिच्या शेवटच्या दोन वर्षांत असंच न्यायचो, फळकुटाची अक्कल तेव्हा आली.

शहरातच मांडवी आहे, तिथली वाळू काळी, आणि तिकडे पांढरा समुद्र म्हणतात तिथली पांढरी. पोरींना दोन्ही दाखवा, एकाच गावात अशा दोन रंगांच्या वाळू बघून पोरं हमखास प्रश्न विचारतात.

घाटवाट_रायडर

माझं मत वेगळं. एवढ्या लांबून येताय तर तारकर्लीच. पाणी बघाल तर काचेसारखं, देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते ते बघायला मिळेल, मालवण जेट्टीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ला. मी बाईकवर रेडीपासून वर हरिहरेश्वरपर्यंत दोनदा केलंय सगळं आणि भोगवे, निवती सारखं दुसरं काही नाही.

पुळणकर

भोगवे सुंदरच आहे, त्यात वादच नाही. पण डिसेंबरच्या शेवटी तारकर्ली-देवबागच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, आणि किल्ल्याला जायला होडीत चढउतार करावी लागते, गुडघेदुखी असलेल्या माणसाला हलत्या होडीत पाय टाकणं सोपं नाही हो. त्यांनी मागितलंय काय, तर आईला पाण्यात पाय बुडवता यावेत.

सुकतीची_वाट

मूळ प्रश्नातली एक गोष्ट कुणी धरली नाही म्हणून लिहितोय. तुम्ही अष्टमीला निघू नका. किनारा कुठला हे जितकं महत्त्वाचं तितकंच कुठल्या तिथीला आणि किती वाजता हे महत्त्वाचं, आणि बाहेरून येणारी माणसं नेमकं हेच विचारत नाहीत.

आमच्याकडे कोळी, गाबीत, खारवी सगळ्यांचा जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. शुक्ल असो की वद्य, हिशोब तोच. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आम्ही सुकती म्हणतो. रोज हे सगळं पाऊण-एक तासाने पुढे सरकत जातं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, खाली मालवणाकडे भरती जरा आधीच येते, तेव्हा नक्की वेळ मोबाईलवर भरतीच्या तक्त्यात बघाच. पण बेत ठरवायला हा हिशोब पुरतो.

आता अष्टमी घ्या. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे संध्याकाळी तुम्ही सूर्यास्ताला जाल तेव्हा पाणी पार वर आलेलं, ओली घट्ट वाळू सगळी पाण्याखाली, आईंना उभं राहायला उरणार ती वरची भुसभुशीत. तेच त्रयोदशी-चतुर्दशीला गेलात तर भरती सकाळी दहाच्या आसपास आणि सुकती दुपारी चारच्या, म्हणजे चार ते सहा हा सगळा वेळ रुंद, सपाट, घट्ट पुळण मिळेल. पौर्णिमेच्या आसपास उधाणाचं पाणी असतं, ते मागे लांब जातं तसं येतानाही भराभर येतं, एवढं ध्यानात ठेवा. अष्टमीच्या दिवसांत भांगाचं पाणी, त्याची हालचाल कमी. चार दिवस पुढे ढकला, बाकी काही नको.

आईंना पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, येत असेल कदाचित, त्या पिढीला पावकी-निमकी-पाऊणकी तोंडपाठ असायची. त्यांनाच सांगा हिशोब करायला.

आगरातली

मी गुहागरची. प्रायव्हेट बीचबद्दल आधी. असं काही नसतं. भरतीचं पाणी जिथवर येतं त्याच्या खालची सगळी जागा सरकारची, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम २० मध्ये ते स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे पुळणीवर चालायला कुणी अडवू शकत नाही. पण एक दुसरी बाजूही समजून घ्या. रस्ता आणि समुद्र यांच्या मधली नारळी-पोफळीची आगरं लोकांच्या मालकीची आहेत. आमच्या आगरातून दर सुट्टीत माणसं बेडं (फाटक) उघडून घुसतात, गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) उड्या मारतात, गडग्याचे चिरे पाडतात, पडलेले नारळ उचलतात, आणि हटकलं की आम्हालाच सांगतात समुद्र सगळ्यांचा आहे. समुद्र सगळ्यांचा आहेच पण झाडांना पाणी शिपणं, खत, नारळाची पाडप हे आमचं आहे. प्रत्येक गावाला पुळणीवर उतरणारी एक तरी सार्वजनिक वाट असतेच, देवळाकडून, नाहीतर पाखाडी (दगडी पायवाट). विचारा, कुणीही दाखवेल. आणि म्हातारं माणूस बरोबर आहे म्हटल्यावर आमच्यासारखे लोक आगरातून पण सोडतात, पाणी पण देतात, फक्त विचारून.

गुहागरला किनारा गावालाच लागून आहे, एसटी स्टँडच्या मागेच म्हणा ना. व्याडेश्वराचं दर्शन घेऊन पुळणीवर गाडीने दोन मिनिटं. रत्नागिरीहून इकडे यायचं तर वर चिपळूणला जाऊ नका. गणपतीपुळे, तिथून जयगड, आणि जयगडला फेरीबोटीत गाडी घालून समोर तवसाळला उतरा. बोटीत बसून खाडी ओलांडणं हे आईंना आणि पोरींना किनाऱ्याइतकंच आवडेल आणि गाडीतून उतरायचीही गरज नाही. पुढे हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. वेळणेश्वरला चंद्रकोरीसारखा किनारा आणि काठावर शंकराचं देऊळ, तिथे निवांत बसा. हेदवीला बामणघळ म्हणून खडकातली अरुंद चीर आहे, भरतीला लाट आत शिरून उंच उडते. बघायची ती लांबून, कडेला जाऊन फोटो काढायला अजिबात नको, खडक शेवाळलेले असतात.

परत जाताना चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, कराड.

गाडी वाळूत घालू नका ही हात जोडून विनंती. मागच्या वर्षी आमच्या पाहुण्यांनी पाचच मिनिटं म्हणून घातली, चाकं रुतली, भरती चढत होती, ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी दारापर्यंत आलं, त्यातलं लेकरू रडत होतं ते मला अजून आठवतं. आणि हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं इथेच अंडी घालायला वर येतात. वेळास, आंजर्ले, गुहागर सगळीकडे. वनखातं आणि गावातली पोरं रात्री फिरून ती अंडी राखतात. २०२३ मध्ये आमच्याच किनाऱ्यावर दोन माद्यांच्या पाठीवर सॅटेलाईट टॅग लावले होते, त्यातली बागेश्री नावाची लंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. अशा वाळूवरून टायर नेताना जीव कसा होतो कळत नाही मला.

पुळणकर

गणपतीपुळ्याबद्दल राहिलं. देऊळ समुद्राच्या काठावरच आहे, दर्शन करा, देवळाच्या ओट्यावरून समुद्र दाखवा. पण तिथल्या पाण्यात उतरू नका, घोट्याएवढ्यातही नको. उतार एकदम आहे, लाट परत जाताना जबर ओढते, दरवर्षी माणसं बुडतात तिथे. आरे-वारेला पण वरच्या रस्त्यावरून बघायचं, तिथून दिसतंच सगळ्यात छान.

कुठल्याही किनाऱ्यावर एक बघा. दोन्हीकडे पांढऱ्या लाटा फुटतायत आणि मध्ये एक पट्टा शांत दिसतोय, तर नवखा माणूस त्या शांत पट्ट्यात शिरतो. तिथूनच आलेलं पाणी परत आत जात असतं. कुणी ओढला गेलाच तर किनाऱ्याकडे जोर लावून दमायचं नाही, किनाऱ्याला समांतर आडवं पोहत बाजूला व्हायचं, मग लाटाच आणून सोडतात. पोहायला येत नसेल तर गुडघ्याच्या वर पाणी घ्यायचंच नाही. पोरींचा हात सोडून फोटो काढू नका.

आईंना उभं करताना तोंड समुद्राकडे ठेवा. लाट परतताना टाचेखालची वाळू सरकते, आपल्याला गुदगुल्या होतात पण म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो. दोन्ही बाजूंनी धरा. आधी सांगून ठेवा की पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटेल, घाबरू नका.

मांजराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सुट्टी चार दिवस पुढं ढकलली, द्वादशीला निघतोय. आईला पाऊणकी विचारली तर धडाधडा म्हणूनच दाखवली, आता रोज सकाळी पंचांग बघून पोरींना भरती किती वाजता ते सांगते. गुळगुळीत तळव्याच्या चपला घ्यायच्या का साध्या? आणि डिसेंबरात पाण्यात काही चावणारं असतं का?

सुकतीची_वाट

चपला वाळूत काढूनच टाका, ओल्या वाळूत अनवाणी बरं. पाकट (शेपटीत काटा असलेला चपटा मासा) उथळ पाण्यात वाळूखाली बसते कधीकधी, म्हणून पाऊल उचलून टाकू नका, घासत घासत पुढे सरका, ती आपणहून निघून जाते. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून डॉक्टरकडे. जेलीफिश मेलेला दिसला तरी पोरींना हात लावू देऊ नका.

मांजराकाठ

जाऊन आलो. खूप काही लिहायचं होतं, पण जमेल तसं लिहितो.

भाट्येला चतुर्दशीला साडेचारला पोचलो. पाणी खरोखर लांब गेलं होतं. आई कोरडी वाळू ओलांडताना दोनदा थांबली, मग ओल्या वाळूवर तिनं आमचे हातच सोडले आणि आपली आपण चालायला लागली. पाणी पायाला लागलं तेव्हा वाकून ओंजळ भरून डोळ्याला लावलं. मग तासभर खुर्चीवर (फळकुटासकट) बसून होती. खेकड्यांनी बिळाभोवती केलेले वाळूचे बारीक गोळे बघून म्हणाली, हे तर पेरणीसारखं ओळीनं केलंय. धाकटीनं विचारलं आजी पाणी कुठं गेलं होतं, तर आई म्हणाली, येतंय ना आता, बघ की. आणि खरंच येत होतं, खुर्ची तीनदा मागं घ्यावी लागली.

फेरीबोट पोरींना सगळ्यात आवडली. गुहागरला आम्ही विचारल्यावर एका काकूंनी आगरातून सोडलं आणि कोकम सरबत दिलं, पैसे घेतले नाहीत.

आता आई म्हणते पुढच्या वेळी धाकट्या मावशीला पण न्यायचं. मावशीचे दोन्ही गुडघे गेलेत, काठी लागते. कुणकेश्वर जमेल का?

घाटवाट_रायडर

जमेल. देऊळ काठावरच आहे, गाडी देवळाजवळ जाते, पुळण खालीच. महाशिवरात्रीची जत्रा टाळा. आणि तिथी बघून जा, हे मी पण इथेच शिकलो.